दार त्यानं फोडलं नाही

फाटकाची कडी घालायची आणि मग फाटक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहायचं, ही त्यांची सवय. आपल्याच फाटकाची नव्हे, कुणाच्याही. शिनोलीत माझ्या दुकानाकडे येताना वाटेत कुणाचं फाटक सताड उघडं दिसलं की रस्ता ओलांडून जायचे, कडी घालायचे, हलवायचे आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "दार फोडून कुणी येत न्हाई. तुमी उघडता म्हणून येतो." आतून कुणी "कोण हाय?" विचारेपर्यंत स्वारी पुढच्या फाटकाशी पोचलेली असायची.

हे मी रागात लिहिते आहे, ते आधीच सांगते. राग उतरला की लिहू म्हणत होते. पण उन्हाळा सरला, भातलावणी झाली, राग जागच्या जागी आहे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, खरं बोलून बोलून गावाला नकोशी झालेली. त्यांच्यावर रागवावं की गावावर, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दोघांवरही रागावले आहे.

घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून माझं औषधांचं दुकान आहे. डी. फार्मसी मी केलेली, परवाना माझ्या नावावर, आणि गल्ल्यावर बसते तीही मीच. आमचे हे शेती बघतात. दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं टाकलेलं आहे. पुण्याहून निवृत्त होऊन हे गृहस्थ गावी आले, भावकीच्या जागेत दोन खोल्या बांधल्या, आणि माझ्या बाकड्याचा ताबा घेतला तो घेतलाच.

मूळचे ते वरच्या अंगाचे, डोंगरातल्या भातखाचरांवर वाढलेले. शिकून पुण्याला गेले आणि कुठल्याशा प्रयोगशाळेत फ्लूच्या विषाणूवर जन्म काढला. पीएचडी होते म्हणून घराच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं. झालं, पहिल्याच थंडीत लोक ताप अंगावर घेऊन दारात हजर.

"डॉक्टर, तेवढी सुई द्या."

"मी सुईचा डॉक्टर न्हाई."

"मग कशाचं?"

"फ्लूच्या विषाणूचा."

"मग फ्लूचीच द्या की राव. आमाला तोच झालाय."

त्यांनी पाटी उतरवून कोनाड्यात ठेवली. तेव्हापासून गावानं त्यांना नाव ठेवलं 'सायंटिस'. सुई टोचता येत नाही, गोळी लिहून देता येत नाही, सलाईन लावता येत नाही, तो कसला डॉक्टर, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. मी काका म्हणायची. बोलताना पुण्याची शुद्ध भाषा वापरायचे, पण चिडले की ती गळून पडायची आणि खालून डोंगरातली बोली वर यायची. चिडायचे रोज, त्यामुळे पुण्याची भाषा आम्ही फारशी ऐकली नाही.

बाकड्यावर बसून ते माझी गिऱ्हाइकं परतवत. कुणी नाक ओढत आला की विचारायचे, "काय झालंय?" तो म्हणायचा, "अंग मोडून आलंय, ताप हाय." मग हे त्याच्या हातातलं पाकीट बघायचे. "ही गोळी जंतूंवरची. तुला झालाय विषाणू. उंदराला लावायचा पिंजरा डासाला लावतोस व्हय?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी काकांकडे. "काका, बाकड्यावर बसायचं असंल तर गप बसायचं," मी म्हणायची. "गप तर बसलोय," ते म्हणायचे आणि पुढच्या माणसाला धरायचे.

एकदा पेठेहून आमच्या ह्यांच्या ओळखीचे एक पाहुणे मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. पत्रिका काउंटरवर ठेवली, वर अक्षता ठेवल्या, चहा घेतला आणि गेले. काका बाकड्यावरून उठले. गोळ्यांच्या पट्ट्या कापायची माझी कात्री उचलली आणि पत्रिकेच्या माथ्यावरचं 'श्री गणेश प्रसन्न' सरळ कापून घेतलं. मी आ वासून बघत राहिले. झुरळं मारायच्या खडूची एक जाहिरात पडली होती, तिच्या माथ्यावर त्यांनी तो गणपती चिकटपट्टीनं डकवला आणि माझ्यापुढे धरला.

"आता ह्यो कागद कुणी घरी आणून दिला तर तू काय समजशील?"

"लग्नाची पत्रिका."

"देवापुढं ठिवशील का न्हाई? ठिवशील. ह्येच तो फ्लूचा विषाणू करतो. पेशी आपले निरोप लिहिती, त्याच्या माथ्यावर तिची खूण असती. तो ती खूण कापतो आणि आपल्या कागदाला जोडतो. पेशीला वाटतं, आपलाच निरोप. ती त्याचा माल बनवून देती. दार फोडलं न्हाई, चोरी केल्यागत दिसलं न्हाई, आणि घर त्याचं झालं."

एवढ्यात पाहुणे परत आले. त्यांचं हेल्मेट माझ्याकडे राहिलं होतं. मुंडकं उडालेली पत्रिका त्यांनी पाहिली.

"आवं वहिनी, गणपती कुठाय ह्याच्यावरचा?"

"विषाणूनं न्येला," काका म्हणाले.

त्या लग्नात मला बाजूला घेऊन त्या माणसाच्या बायकोनं विचारलं, आमच्या लग्नात तुम्हाला काही खोट दिसली का. मी काय सांगणार, कपाळ? जेवले आणि परत आले.

पण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं आणि मी चिडले होते, म्हणून त्यांनी मला पहिल्यांदा नीट बसवून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत केंद्रक असतं, तिचं माजघर. पेशीची सगळी विद्या तिथं ठेवलेली. फ्लूसारख्या घडणीचे बहुतेक विषाणू बाहेर ओसरीवरच आपलं काम उरकतात. ह्या फ्लूला मात्र ओसरी पुरत नाही, ह्याला माजघरच लागतं. आता माजघराच्या भिंतीला दारं असतात आणि दारातून माल नेणारे पेशीचे स्वतःचे हमाल असतात. ज्या मालावर आतला शिक्का, तो ते उचलतात आणि आत नेऊन ठेवतात. फ्लूच्या मजकुराचे आठ तुकडे असतात आणि त्या तुकड्यांच्या गुंडाळीवर नेमका तसाच शिक्का असतो. हमाल शिक्का बघतो, उचलतो, आत ठेवतो.

"मग तो शिक्का पुसायचा की, काका."

"त्येच तर करत बसलो व्हतो," ते म्हणाले. "जन्म गेला. एक शिक्का, एक दार."

मग उठून दुकानाचं शटर उगाचच हलवून पाहिलं.

लोक म्हणायचे, ह्यांच्या घरातलं कुणीतरी फ्लूनं गेलं असणार, म्हणून एवढा राग. मीही एकदा विचारलं. कुणी गेलं नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं, आईवडील म्हातारे होऊन गेले. माणसाला चिडायला स्वतःचंच कुणी मरावं लागतं का, असं त्यांनी मला उलट विचारलं. त्याचाही मला राग आला.

आता आमच्या घरातलं सांगते.

गेल्या थंडीत आमची सून स्वाती पोटुशी होती. पहिलटकरीण. सातव्या महिन्यात आम्ही डोहाळजेवण घातलं. अंगणात मांडव, फुलांच्या वाड्या, धनुष्यबाणाचा झोपाळा, सगळं. गावात तेव्हा घराआड एक माणूस खोकत होता. काकांनाही आवतण होतं. ते पुरुषांत बसले होते, येताना आपल्या डोंगरातले सुवासिक तांदूळ घेऊन आले होते.

माझ्या नणंदेला निरगुडसरला दिलंय. आम्ही त्यांना वन्सं म्हणतो. आत्यासासू म्हणून पहिली ओटी त्यांची, पहिला घास त्यांच्या हातचा. मला मुलगी नाही, त्यामुळे पुढे बारशाला नाव ठेवायचा मानही त्यांचाच होता. आमच्याकडे मान चुकला की तीन पिढ्या त्याचा उद्धार होतो. तर वन्संना आदल्या दिवसापासून ताप होता. पण तापाचं कळलं तर आपल्याला बाजूला बसवतील, आपला मान दुसरीला देतील, म्हणून बाईनं मंचरच्या स्टँडवर तापाची गोळी घेतली, पाणी प्यायली आणि एसटीत बसली. ही आमच्याकडची रीतच आहे, तुमच्याकडे नसली तर भाग्यवान आहात. लग्न असो, ओटी असो, दहावा असो, ताप झाकायचा. गोळीनं अंग गार लागलं की माणूस बरा धरायचा.

भर उन्हात शाल पांघरून वन्सं खोकत होत्या. मला वाटलं प्रवासाचं असेल. त्यांनी ओटीचं सूप घेतलं आणि काका पुरुषांतून उठून सरळ बायकांत आले.

"बाई, तुमाला ताप हाय."

"न्हाई."

"गोळी कवा घेतली?"

"सकाळी घेतली. मग? आता कुठाय ताप?"

"बाई, मागं व्हा. पोटुशी हाय ती, तिला लई वाईट झोंबतो ह्यो. तिच्या तोंडाशी हात न्हेऊ नका. घास दुसरीला भरवू द्या."

वन्संनी सूप खाली ठेवलं. "मी काय विटाळशी हाय, मला लांब बसवाय?" त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या घरचं कार्य, माझी थोरली नणंद, आणि हा माणूस तिला भर मांडवात मागं सारतोय. "काका, हे तुमचं बाकडं न्हाई," मी म्हणाले. "निघा इथून." आजही त्या वेळचा माझा राग मला खोटा वाटत नाही. खरं बोलायलाही एक जागा असते, एक स्वर असतो, तो ह्या माणसानं कधी शिकून घेतला नाही. शिकला असता तर वन्संनी कदाचित ऐकलं असतं.

ते गेले. जाताना आमच्या फाटकाची कडी घातली आणि गदागदा हलवली. कुणीतरी हसलं, मग सगळा मांडव हसला. वन्संनी डोळे पुसले, पदरात खोकल्या आणि स्वातीला पुरणपोळीचा पहिला घास भरवला.

तीन दिवसांनी स्वातीला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीनं उतरला. आमचे हे म्हणाले, हवा बदललीय, उद्या बघू. सागर, माझा मुलगा, म्हणाला, घरी कुणाला तरी बोलावून सलाईन लावू. मी दुकानात कुणाशी तरी हे बोलले असेन, कारण तासाभरात काका आमच्या फाटकाबाहेर उभे होते. आत आले नाहीत. मी हाकललं होतं ना.

"न्या तिला," तिथूनच म्हणाले. "मंचरला. आत्ता."

"ताप उतरलाय तिचा," आमचे हे ओट्यावरून म्हणाले. "उद्या बघू."

तो शब्द ऐकला आणि काकांनी फाटक दोन्ही हातांनी धरलं.

"उद्या? उद्या काय बघता? ताप गोळीनं झाकलाय. तो आत केंद्रकात बसून छपाई करतोय, त्याला तुमच्या गोळीचं काय? आत जाऊन त्याची कात्री धरणारं औषध निघालंय, पण पोटुशीला ते देत न्हाईत. तिला चालती ती गोळी आतल्याला हात लावत न्हाई. छापून झालेले बाहेर पडायला लागले की त्यास्नी फकस्त उंबऱ्यावर धरती. समदे बाहेर पांगल्यावर ती कुणाला धरणार? म्हणून आज. उद्या न्हाई."

"मग तुम्हीच द्या की ती गोळी," आमचे हे कुत्सितपणे म्हणाले.

"मला लिहिता येत न्हाई. लिहिणाऱ्याकडं घेऊन जा म्हणून तर बोंबलतोय."

आमचे हे उठले, आता हाणामारी होते असं मला वाटलं. ती गोळी माझ्या दुकानात होती, पण मलाही ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही. स्वाती दारात येऊन उभी राहिली होती. भिंतीला धरून श्वास घेत होती, आणि तो श्वास मला आवडला नाही. "गाडी काढ," मी सागरला म्हणाले.

मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नाकातला नमुना पाठवला आणि रिपोर्टची वाट न बघता तीच गोळी सुरू केली. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजन लावावा लागला. पुढचे दिवस कसे गेले ते मी लिहिणार नाही. आई आणि पोर, दोन्ही हाताला लागतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं. बाई एवढंच म्हणाल्या की वेळेत आणलंत.

काका रोज एसटीनं मंचरला यायचे. वॉर्डात पाऊल टाकायचे नाहीत, बाहेर मोटारसायकली लावतात तिथं बसायचे. मी चहा घेऊन गेले की विचारायचे, "श्वास?" मी सांगायची. एकदा चहाचा कप हातात धरून बसून राहिले, प्यायलेच नाहीत.

"माझ्याकडं पेशी यायच्या त्या काचेच्या डबीत," ते म्हणाले. पुण्याच्या भाषेत, हळू. "त्यांना मी विषाणू घालायचो आणि बघत बसायचो, कधी आत शिरतो. शिरला की आनंद व्हायचा मला. प्रयोग जमला म्हणून. पेशीला नाव नसायचं गं. सासर नसायचं, पोट नसायचं."

मग ते एकदम चिडले, चहा गार दिलास म्हणाले.

स्वाती वाचली. अशक्त झाली, माहेरी पाठवली नाही, बाळंतपण आम्ही इथंच केलं. मुलगी झाली. वन्संचं दुखणं मात्र तीन दिवसांत गेलं होतं. त्यांचं म्हणणं, मला काय झालं? मी तर चौथ्या दिवशी कांदे काढायला गेले. मग तिला माझ्यामुळं झालं कशावरून? त्या सायंटिसनं भावकीसमोर माफी मागितल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. मी काकांना सांगितलं. "मागतो की," ते म्हणाले. "हात जोडून मागतो. पण तिनं म्हणावं, ताप झाकून पुन्हा कुणाच्या पोरीला घास भरवणार न्हाई." हा निरोप मी निरगुडसरला कळवला. तिकडून फोन ठेवला गेला.

बारशाला वन्सं आल्या नाहीत. नाव माझ्या जावेनं ठेवलं. काकांना मी स्वतः जाऊन बोलावलं होतं. माझी एकच इच्छा होती, पोर त्यांच्या मांडीवर द्यायची. सगळ्या गावासमोर द्यायची. जे हसले होते त्यांनी बघावं, असं माझ्या मनात होतं.

ते आले आणि रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. तोंडाला रुमाल.

"काका, आत या की. पोर बघा."

"इथून दिसतंय."

"तिथून काय दिसतंय, कपाळ? पाळणा तरी दिसतो का?"

"दिसतंय. लाल कुंची हाय."

मी पोरीला घेऊन फाटकापर्यंत गेले तर हे दोन पावलं मागे, गटाराच्या कडेला. "जागेवर थांब. खोकला हाय मला."

"मग डॉक्टरकडं गेलात का?"

"साधं पडसं हाय. उद्या बघू."

हे त्यांचेच शब्द आहेत, मी माझ्या पदरचा एकही घातलेला नाही. ज्या माणसानं उद्या म्हटल्याबद्दल माझ्या नवऱ्याची लाज काढली, तो स्वतःच्या बाबतीत उद्या म्हणाला. दुसऱ्यांच्या पेशीत काय चाललंय ते जन्मभर पाहिलं, स्वतःचं मात्र साधं पडसं. मी पोरीला जावेकडे द्यायला आत वळले, तेवढ्यात त्यांनी रस्ता ओलांडून आमचं फाटक बाहेरून ओढून घेतलं, कडी घातली, हलवली आणि निघून गेले. मागून बघताना खांदे फार खाली आलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या फाटकाला एक पुठ्ठा बांधला. औषधाच्या खोक्याचा, माझ्याच दुकानातला. त्यावर जाड पेनानं लिहिलं, 'आत येऊ नये.'

आणि गावानं ऐकलं.

ह्याचाच मला राग आहे. ह्या माणसानं घसा फोडून सांगितलं की ताप झाकू नका, खोकत मांडवात जाऊ नका, गोळी आज घ्या. कुणी ऐकलं? पालथ्या घड्यावर पाणी. आणि जे ऐकायला नको होतं ते मात्र सगळ्यांनी मन लावून ऐकलं. दूधवाला पिशवी कुंपणावर ठेवून जायचा. भावकीतले लोक रस्त्यावरून पुठ्ठा वाचायचे आणि पुढे जायचे. "त्यांनीच लिहिलंय ना," म्हणायचे. मी डबा घेऊन जायची तर आतून ओरडायचे, "बाळंतिणीच्या घरातली बाई हायेस तू. फाटकाला अडकव आणि जा." मी भांडले, फाटकावरून भांडले, डॉक्टरला इथं घेऊन येते म्हणाले. "उद्या," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचा डबा तसाच लटकत होता. मी हाक मारली. सागर फाटकावरून चढून आत गेला. त्यांना बाहेर काढायचं तर फाटकाची कडी त्याच्या हातानं निघेना, शेवटी त्यानं दगडानं तोडली. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. गोळी सुरू केली, पण तोवर सगळे बाहेर पांगले होते. ते पुण्याहून परत आले ते रुग्णवाहिकेतून, चादरीखाली.

दशक्रिया घोड नदीच्या घाटावर झाली. आमच्या भागात दहाव्याला भाषणं असतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. माईक, खुर्च्या, श्रद्धांजलीला एकामागून एक पुढारी. जे कधी बाकड्यापाशी थांबले नाहीत ते बोलले. एकजण म्हणाला, जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ आपल्या मातीनं गमावला. दुसरा म्हणाला, त्यांनी फ्लूची लस शोधून मानवजातीवर उपकार केले. खुर्च्यांवर निम्मे लोक खोकत होते.

बायका आमच्याकडे दहाव्याला बोलत नाहीत. मी उठले आणि माईक धरला.

"त्यांनी लस शोधली नाही," मी म्हणाले. "तो विषाणू केंद्रकाच्या दारातून आत कसा जातो, एवढंच ते बघत होते. तुम्हाला सांगायचे तेव्हा तुम्ही हसायचा. त्यांच्या फाटकाच्या आत तुमच्यापैकी कोण गेलं होतं, त्यानं हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही. सूत्रसंचालकानं माईक हळूच माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, ताई भावनाविवश झाल्या आहेत, आपण समजू शकतो, यानंतर श्रद्धांजली वाहतील. आणि पुढचं नाव पुकारलं. आमचे हे मला खुणेनं बस म्हणत होते. मी बसले नाही, घाटाच्या पायऱ्या चढून वर रस्त्यावर आले.

रस्त्याच्या पलीकडे, करंजाच्या झाडाखाली वन्सं उभ्या होत्या. निरगुडसरहून दोन एसट्या बदलून आल्या होत्या आणि खाली घाटावर उतरल्याच नव्हत्या. नाकातोंडावर पदर घट्ट ओढलेला. मी त्यांच्याकडे जायला निघाले तर त्यांनी हात पुढे केला.

"थांब तिथंच," त्या म्हणाल्या. "ताप येऊन गेलाय मला. खोकला हाय अजून. घरी तान्हं हाय तुझ्या."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. हे तेव्हा का सुचलं नाही, एका माणसाला मरावं का लागलं, असं सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्या उन्हात उभ्या होत्या, आणि जवळ येत नव्हत्या.

"दवाखान्यात गेला होतात का?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी गेले."

खाली माईकवर कुणीतरी जागतिक कीर्ती पुन्हा सुरू केली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पोरीचं नाव काय ठेवलं गं?"

त्यांना ठाऊक होतं. बारशाचे फोटो नावासकट त्यांच्या घरी सगळ्यांच्या फोनवर गेले होते. तरी त्या माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिल्या.

"ओवी," मी रस्त्याच्या ह्या कडेवरून ओरडून सांगितलं. मध्ये भीमाशंकरची एसटी आली, म्हणून ती गेल्यावर परत एकदा सांगितलं.